चार महिने उघडं ठेवलेलं पान

मोबाईलवर इंटरनेट बघताना वरच्या कोपऱ्यात एक बारकी चौकट दिसते आणि तिच्यात आकडा असतो. आपण किती पानं उघडी ठेवलीत त्याचा तो आकडा. माझ्या मोबाईलवर तो वाढत वाढत नव्व्याण्णवावर गेला आणि एक दिवस आकडाच गेला. त्याच्या जागी हसणारं तोंड आलं. आडवं पडलेलं, दोन डोळे आणि हा मोठा जबडा. मला वाटलं, शंभरी गाठली म्हणून मोबाईलनं शाबासकी दिली. गावात पाच-सहा जणांना दाखवलं. कुणाच्याच मोबाईलवर तसलं तोंड नव्हतं. मग तर मी दाखवायचं थांबेचना.

ते तोंड शाबासकीचं नव्हतं हे मला कळलं सुनेच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं इंजिनानं शिकवलं. चाळीस वर्षं या भागातल्या विहिरींवरची ऑइल इंजिनं मी दुरुस्त केली. मळ्याच्या बांधावर उभं राहून, नुसत्या आवाजावरून सांगायचो की इंजिनानं हवा धरलीय का नोझल गेलंय. लोक मला मिस्त्री म्हणतात ते उगीच नाही. म्हणून पोरानं मोबाईल आणून दिला आणि म्हणाला, आबा, बसा, शिकवतो, तवा मी त्याला सांगितलं की ज्यानं इंजिनाच्या तोंडून ऐकलंय त्याला मोबाईल शिकवायला माणूस लागत नाही. पोरगं कारेगावात राहून कंपनीत जातं. ते निघून गेलं. माझा मी शिकलो, आणि जे शिकलो ते सगळं माझ्याच पद्धतीनं.

आता आमच्या घराची एक रीत आहे. दाराशी येऊन कुणी 'हाय का घरात कुणी' असं विचारलं की आतून 'या' म्हणायचं. मग तो भांड्याला कल्हई लावणारा असो, नाहीतर निवडणुकीचा माणूस असो. न विचारता घुसला तर त्याची गोष्ट वेगळी, पण विचारून आलेल्याला नाही म्हणायचं नाही. माझ्या बापाची तशी शिस्त होती. मोबाईलवर एखादं पान उघडलं की तेही बिचारं आधी विचारतं, तुम्हाला सूचना पाठवू का? खाली दोन बटणं. एक होकाराचं, एक नकाराचं. एवढं नम्रपणे कुणी विचारलं तर नकारावर बोट ठेवायला माझा हात कसा व्हावा? मी प्रत्येकाला या म्हणालो.

आणि सगळे आले. गुडघ्याच्या तेलवाले आले, जावई शोधून देणारे आले, दूरच्या कुठल्या शहरात पाऊस किती पडला ते सांगणारे आले. जेवायला बसलो की खिशात भुंगा गुणगुणावा तसा मोबाईल गुणगुणायचा. एकदा लाल अक्षरात आलं की तुमच्या मोबाईलमध्ये तेरा व्हायरस सापडलेत. मी ते मोठ्यानं वाचलं. त्या वेळी शेजारची लेकुरवाळी आमच्याकडं येऊन बसली होती. आमच्या हिनं मोबाईल चिमट्यात धरावा तसा धरला आणि बाहेर पडवीत नेऊन ठेवला. दोन दिवस तो तिथंच होता.

हे झालं परवानगीचं. पानं उघडी ठेवण्याचं कारण मात्र निराळं होतं.

सून लग्नाआधी नर्सिंग शिकलेली. सरकारी दवाखान्यातल्या भरतीचा फॉर्म निघाला तवा तिच्या मोबाईलची काच फुटलेली होती, म्हणून तिनं तो माझ्या मोबाईलवर भरायला घेतला. ओट्यावर बसून सगळं भरलं. मधेच उठली, मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मामा, हे पान बंद करू नका हं." मी म्हणालो, काळजी करू नको. ती आली, पुन्हा मोबाईल घेऊन बसली, फॉर्म गेला म्हणाली आणि चहा टाकायला उठली. पान बंद करा असं काही म्हणाली नाही.

मी कारभारी माणूस. मला सांगितलेलं काम मी सोडत नाही. पण अडचण अशी की ती पानं मोबाईल एकावर एक रचून ठेवतो, गवताच्या पेंढ्यांसारखी, आणि त्यातली कुठली तिची हे मला वरून ओळखू येईना. चुकून तिचंच बंद व्हायला नको म्हणून मी एकही बंद केलं नाही. असे चार महिने गेले. हसणारं तोंड आलं ते त्यातूनच.

परीक्षेच्या महिनाभर आधी सून अभ्यासाला माहेरी गेली. माहेर तिचं यवतला. आम्ही भीमेच्या अलीकडं शिरूर तालुक्यात, ती पलीकडं दौंड तालुक्यात. आमच्याकडं दिवसभर माणसांचा राबता, तिथं तिला वरची खोली मिळाली. जाताना एवढंच म्हणाली की या खेपेला व्हायलाच पाहिजे, पुढच्या वेळी माझं वय बसत नाही. मग एक दिवस तिचा फोन आला. हॉल तिकीट आलंय, पण ते काढायला पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड तुमच्या मोबाईलनं लक्षात ठेवलाय, मला आठवत नाही. नवा मागवायचा तर तो ईमेलवर जातो. तो ईमेल तिनं कॉलेजात असताना यवतमधल्या एका दुकानातून उघडून घेतला होता, आणि त्या दुकानाच्या जागी आता चायनीजची गाडी लागते. ती म्हणाली, भाऊ येऊन मोबाईल घेऊन जाईल.

इथं मी तोंड उघडलं. म्हणालो, भावाला कशाला तसदी, एवढं तर मी काढतो.

पहिल्या दिवशी पान पांढरं राहिलं. मधे एक गोल फिरत होता. घाण्याच्या बैलासारखा फिरतच होता. मी मोबाईल बंद करून चालू केला. पाण्याच्या टाकीवर चढून रेंज बघितली. संध्याकाळी सुनेनं विचारलं तर म्हणालो, झालंच. दुसऱ्या दिवशी म्हणालो, काढलंय, पाठवतो. तिसऱ्या दिवशी म्हणालो, पाठवलं होतं, तुझ्याकडं आलं नाही का? आता हे लिहिताना कान गरम होतात, पण लिहायला घेतलंय तर लिहिलंच पाहिजे. चाळीस वर्षांत इंजिन सुरू झालं नाही तर मी शेतकऱ्याला तोंडावर सांगायचो की आज होणार नाही. सुनेला सांगवेना.

चौथा दिवस उजाडला. उद्या सकाळी पुण्यात पेपर, आणि ती यवतहून पहिल्या गाडीनं निघणार. हॉल तिकिटाशिवाय दारातून आत घेत नाहीत. पोराला फोन लावला तर लागेना. कंपनीत आत जाताना मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. शिरूरच्या एका मोबाईलच्या दुकानदाराला फोनवर विचारलं, तो म्हणाला, घेऊन या, रिसेट मारतो, नव्यासारखा होईल. मी विचारलं, मग आतले पासवर्ड? तो म्हणाला, ते जाणार. मी फोन ठेवला. हवा धरलेल्या इंजिनाला भट्टीत घालणारा मिस्त्री मी आजवर बघितला नव्हता.

मग मी माझ्या दोस्ताकडं गेलो. तो आमच्या पेठेतला टेलर. त्याच्या आज्यापासून मशीन त्याच दुकानात, ईदला त्याच्याकडचा शिरखुर्मा आमच्याकडं आणि आमच्याकडच्या पुरणपोळ्या त्याच्याकडं, हे आम्हाला कळत नव्हतं तेव्हापासूनचं. सगळा गाव त्याला मास्तर म्हणतो. हल्ली बाया ब्लाऊजचं डिझाईन मोबाईलवर पाठवतात, त्यामुळं त्याला मोबाईलचा सराव माझ्यापेक्षा जास्त. हे मी त्याच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही.

त्यानं माझं काही न ऐकता आधी स्वतःच्या मोबाईलवर तेच पान उघडलं. लगेच उघडलं. परीक्षेचं नाव, खाली दोन रिकाम्या जागा. म्हणाला, रेंज बरोबर हाय, सरकार बी बरोबर हाय, बिघाड तुझ्या मशीनमधी हाय. हे मला पटलं. शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू असंल तर लाईटला शिव्या देऊन उपयोग नसतो. पण पासवर्ड होता माझ्या मशीनमधी, म्हणजे दुरुस्त करायचं ते तेच.

त्यानं माझा मोबाईल घेतला, हसणारं तोंड बघितलं आणि चष्मा पुसला.

"मिस्त्री, हे काय हाय?"

मी अभिमानानं सांगितलं की शंभरी झाली.

"आरं, मोजायचा कटाळा आला म्हणून हसतंय ते तुला," तो म्हणाला.

मग त्यानं चौकटीवर बोट ठेवलं आणि पेंढ्या खाली खाली सरकवत गेला. काय काय निघालं त्यातून. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं औषध, तेच पुन्हा अकरा वेळा. हिला हवी होती म्हणून शोधलेली कैरीच्या लोणच्याची कृती. बिबट्या दिसल्याची बातमी. गाढवाचं आयुष्य किती असतं, हे मी का शोधलं होतं ते मला आजही आठवत नाही. मास्तर एकेक मोठ्यानं वाचत होता आणि दुकानात काजं-बटणं करायला बसलेल्या दोन बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. अगदी तळाला सुनेचं पान निघालं. मी चार दिवस वरून 'हॉल तिकीट' शोधत होतो, मोबाईल मला पुन्हा पुन्हा त्याच पानावर आणून सोडत होता, आणि मी त्याच्यावरच बोट दाबत बसलो होतो. चार महिन्यांपूर्वीचं शिळं पान. मास्तरानं गोल थांबेपर्यंत धीर धरला तवा वर उमटलं की तुमची वेळ संपली आहे.

मास्तर म्हणाला, हे बंद करायचं आन् नवं उघडायचं. आन् बाकीची शंभरबी बंद करायची, मशीनचा जीव चाललाय. आणि त्यानं बोट उचललं.

मी त्याचा हात धरला. "बंद करायचं न्हाई. तिनं सांगितलंय."

"कवा सांगितलंय?"

"फॉर्म भरला तवा."

त्यानं मोबाईल मशीनवर ठेवला. "इंजिनाचं हेड खोलताना तू मालकाला कवा इचारलं न्हाईस. आन् एक पान मिटायला सुनंची परवानगी पायजे?"

मी म्हणालो, पायजे. तो म्हणाला, मग लाव फोन. तवा माझ्या ध्यानात आलं की परवानगी मागायची म्हणजे आधी सांगावं लागणार की हॉल तिकीट निघालेलं नाही. मी दुकानाबाहेर आलो. चिंचेखाली दोन फेऱ्या मारल्या. आत मास्तरानं मशीन चालू केलं नाही. तो ऐकायला थांबलाय हे मला कळत होतं.

तिनं पहिल्याच घंटीला उचलला. म्हणाली, "मामा, प्रिंट काढायला निघालेच होते मी. पाठवलं का?"

"न्हाई पाठवलं," मी म्हणालो. "काढलंच न्हाई अजून. चार दिस खोटं बोललो तुझ्याशी."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. एक झाली, दुसरी झाली. इंजिन बंद पडल्यावर मळ्यात शांतता होते ना, पाटातलं पाणी थांबतं आणि मग माणसं तुमच्याकडं बघायला लागतात, तसं मला झालं.

मग तिनं फक्त एवढं विचारलं, "मोबाईल रिसेट नाही ना केला?"

"न्हाई केला. करू दिला न्हाई."

"बरं झालं." ती म्हणाली. "मग अडलंय कुठं?"

"तुझं पान बंद करू का?"

"कुठलं पान?"

मी सांगितलं. ओटा, फॉर्म, तिनं माझ्या हातात मोबाईल दिला ते, आणि मी ते तेव्हापासून राखलंय ते. शंभर पानं का झाली तेही सांगितलं.

"मामा, मी कपाटातून फोटो आणायला गेले होते हो. दहा मिनिटांचं काम होतं."

"आल्यावर बंद करा म्हणाली न्हाईस."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. मला वाटलं रडतीय. पण नीट ऐकलं तर हसू दाबत होती, आणि मग दाबलं नाही. "चुकलं माझं, मामा," ती म्हणाली. "करा बंद. सगळीच करा. मी इथंच थांबते."

आत आलो. मास्तरानं तीन ठिपक्यांवर बोट ठेवून 'सगळे टॅब बंद करा' काढून दिलं आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. म्हणाला, राखण तुझी, तूच दाब. मी दाबलं. शंभर पानं एका झटक्यात उडाली आणि त्यांच्याबरोबर ते तोंडही. जरा सुनं वाटलं.

नवं पान उघडलं. मास्तराच्या मोबाईलवरचा पत्ता बघून एकेक इंग्रजी अक्षर मी स्वतः दाबलं. ती अक्षरं मला इंजिनाच्या पाट्यांवरून येतात. पान उघडायला लागलं, पण निम्म्यात पुन्हा गोल. मोबाईल म्हणाला जागा शिल्लक नाही. मास्तर म्हणाला, पोटात कचरा साठलाय, झाडून काढू. त्यानं कुठून तरी एक यादी आणली, तिच्यात प्रत्येक ओळीपुढं खुणेची चौकट. त्यानं भराभर सगळ्या चौकटींवर खुणा केल्या, ब्लाऊजला टाचण्या लावाव्या तशा, आणि खालच्या बटणाकडं बोट नेलं.

मी म्हणालो, थांब. मला वाचू दे.

तो म्हणाला, मिस्त्री, तुझ्या वाचण्यानं दिवस मावळंल. मावळू दे म्हणालो. इंजिन खोलताना मी कधीही सगळे नट एकदम ढिले केलेले नाहीत. एक नट काढायचा, ताटलीत ठेवायचा, मग दुसरा. मी प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचत गेलो. पहिली ओळ, कुठं कुठं फिरलो त्याचा इतिहास. जाऊ दे. दुसरी वाचली, नीट कळली नाही, मास्तरानं सांगितलं की ती पानं आपली ओळख ठेवतात त्याच्या चिठ्ठ्या. जाऊ दे. तिसरी, साठलेली चित्रं आणि फाइली. जाऊ दे. चौथीला मी अडखळलो. एकेक अक्षर जोडत वाचलं. से-व्ह के-ले-ले पा-स-व-र्ड.

मास्तरानं माझ्याकडं बघितलं. मग यादीकडं बघितलं. मग हळूच त्या चौकटीवरची खूण काढली.

"तुला लवकर वाचता येत न्हाई तेच बरं हाय," तो म्हणाला. त्याच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मला साठ वर्षांत मिळालेली नाही, आणि ही खरी होती.

कचरा गेला. पान उघडलं, आणि पहिल्या जागेत बोट ठेवल्याबरोबर मोबाईलनं स्वतःहून सुनेचा नंबर भरला, दुसऱ्या जागेत काळे ठिपके भरले. ठिपक्यांच्या आत पासवर्ड होता. मी तो बघितला नाही आणि मला बघायचाही नव्हता. तेवढ्यात आणखी एका पानानं मधे येऊन विचारलं, सूचना पाठवू का? मी नकाराच्या बटणावर बोट ठेवलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोंडातून आपोआप निघालं, "माफ करा, घाईत हाय." काजं करणाऱ्या बाया आता पदर न लावताच हसत होत्या.

हॉल तिकीट आलं. वर तिचं नाव, पुण्यातल्या कॉलेजचा पत्ता, आणि कोपऱ्यात तिचा फोटो. मी तो फोटो नीट बघितला. हाच आणायला ती त्या दिवशी कपाटाकडं गेली होती. ती फाइल पाठवली आणि दोन बरोबरच्या खुणा निळ्या होईपर्यंत मी मोबाईलवरची नजर काढली नाही. लगेच तिचा फोन आला, आलं म्हणून. प्रिंट काढायला निघाली होती, मागं हायवेवरच्या गाड्यांचा आवाज होता.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "चार दिस खोटं घरात बसून बोलला, आन् खरं बोलायला टेलरच्या दुकानापत्तोर जावं लागलं व्हय." जेवण मात्र तिनं गरम करून वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर सुटल्यावर सुनेचा फोन आला. बरा गेला म्हणाली. बरा म्हणजे चांगला, तिची बोलायची पद्धत मला ठाऊक आहे. मग म्हणाली, "मामा, हॉल तिकिटाचं पान उघडं असेल तर आता बंद करा बरं का."

मी म्हणालो, करतो.

पण केलेलं नाही. बाकीची रोज बंद करतो, संध्याकाळी कोंबड्या डालाव्यात तशी, आणि नको त्याला दारातूनच माघारी लावतो. चौकटीत आता फक्त एकाचा आकडा असतो. मास्तर आला की चष्मा वर करून तेवढंच बघतो आणि विचारतो, हे कुणाच्या परवानगीनं ठेवलंय? निकाल लागल्यावर बघू, असं मी त्याला सांगितलंय.